शाळेच्या मैदानावर मॅरेथॉनची लढाई कशी मांडावी

ग्रीक आणि पर्शियन यांच्यातली इ.स.पू. 490 ची ही लढाई फळ्यावर बाण काढून समजत नाही. मुलांना पायांनी चालू द्या, म्हणजे ती डोक्यात बसते. थंडीतली सकाळ निवडा, दहानंतर ऊन चटका देतं. सोयाबीन काढलेलं वावर मोकळं दिसलं तरी तिथं नको, खुंट पायात घुसतात.

36 मुलं लागतील. एक मूल म्हणजे 1000 सैनिक. ग्रीकांची 11 (अथेन्सची 10, प्लॅटियाचं 1). पर्शियनांसाठी अभ्यासकांचा मधला अंदाज 25 हजार धरून 25 मुलं.

आधी कारण सांगा, पाच मिनिटांत. इ.स.पू. 499 मध्ये आयोनियातली (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा) ग्रीक शहरं पर्शियाविरुद्ध उठली. अथेन्सनं त्यांना 20 जहाजं पाठवली आणि पुढच्या वर्षी पर्शियनांचं सार्डिस शहर जळालं. बंड मोडल्यावर पर्शियाचा राजा दारियसनं अथेन्सला शिक्षा द्यायला दातिस व आर्ताफर्नेस या सेनानींना धाडलं. त्यांनी आधी एरेट्रिया हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केलं, मग ते अथेन्सजवळ मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरले. अथेन्सचा हाकललेला हुकूमशहा हिप्पियास सोबत होता.

आता फक्कीनं पूर्वेला किनाऱ्याची रेघ मारा. उत्तरेच्या टोकाला ओलं कुटार पसरा, ती दलदल. रेघेपलीकडे सात विटा म्हणजे जहाजं. एक पाऊल 50 मीटरचं धरून दोन्ही सैन्यांत 30 पावलं ठेवा. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं सांगितलेलं आठ स्टेडियाचं (लांबीचं ग्रीक माप) अंतर एवढंच भरतं.

हल्ला करायचा की थांबायचं? ग्रीकांच्या दहा मुलांना हात वर करायला सांगा, पाच इकडे, पाच तिकडे. दहा सेनापतींचं असंच अडलं होतं. अकरावं मत युद्धप्रमुख कॅलिमाकसचं. दहातल्या मिल्टियाडिसनं त्याला वळवलं आणि त्याच्या मतानं हल्ला ठरला.

मांडणीत चूक झाली तर सगळा खेळ फसतो. ग्रीकांची रांग पर्शियनांइतकीच लांब हवी, म्हणून मधे फक्त तिघं, दोन-दोन हात अंतरावर, एकाच ओळीत. दोन्ही बगलांना चार-चार, दोन ओळींत. कॅलिमाकस उजव्या टोकाला, प्लॅटियाचं मूल डाव्या. पर्शियनांचे 11 मधे (खास पर्शियन आणि शक), सात-सात बाजूंना. तुराट्या, पऱ्हाट्या हाती देऊ नका, टोक डोळ्यात जातं.

एका मुलाच्या डाव्या हाती सात लिटर पाण्याची बादली देऊन मैदानाची फेरी मारायला लावा. ग्रीक ढालीचं वजन साधारण तेवढंच होतं. मूल अर्ध्यात दमतं, म्हणून ग्रीकांनी 26 पावलं चालायचं आणि शेवटची चारच पळायची. बाणांचा मारा साधारण 200 मीटरवर सुरू होतो, तेवढा पट्टा झटकन ओलांडायचा असतो. मुलं आधीच धावत सुटतात आणि रांग तुटते. शिट्टीशिवाय पळू देऊ नका.

भिडल्यावर मधले तिघं मागे सरकतात, पण पाठ दाखवून नाही. उलटं चालताना पोरं पडतात, तेव्हा आधी खडे वेचा. बगलांवरची मुलं समोरच्या सातांना पळवतात आणि हमखास त्यांच्या मागे धावतात. इथंच थांबवा! दुसऱ्या शिट्टीला त्यांनी आत वळून मधल्या अकरांना दोन्हीकडून घेरायचं. चार जण सातांना कसे भारी पडले, हे मुलं विचारतीलच. लाकडी, काशानं मढवलेली ढाल आणि लांब भाला ग्रीकांकडे. वेताची ढाल, आखूड भाला पर्शियनांकडे. मग किनाऱ्याकडे पळापळ, सातही विटा ग्रीकांच्या. कॅलिमाकस इथंच पडला.

मेलेल्यांचा हिशेब तुरीनं करा. अथेन्सचे 192 : दाणे मोजून वाटीत. पर्शियनांचे 6400 : शंभर दाणे साधारण दहा ग्रॅम, म्हणजे 640 ग्रॅम तोलून ताटात. दोन्ही आकडे हेरोडोटसचे, म्हणजे ग्रीक बाजूचे, हे सांगायला विसरू नका.

परिणाम सांगताना पर्शिया संपला असं म्हणू नका. त्यांचं आरमार सुनियनच्या भूशिराला वळसा घालून अथेन्सवर निघालं. अथेन्सचं सैन्य 40 किलोमीटर चालून आधी पोचलं, म्हणून आरमार परतलं. दहा वर्षांनी दारियसचा मुलगा क्सर्क्सिस मोठी फौज घेऊन आला, तो सलामिस (480) आणि प्लॅटिया (479) इथं अडला.

मॅरेथॉन नावाच्या धावण्याच्या शर्यतीचा प्रश्न येतोच. हेरोडोटसनं सांगितलेला निरोप्या फिडिप्पिडिस लढाईआधी मदत मागायला स्पार्टाला धावला, सुमारे 240 किलोमीटर, म्हणजे जवळपास नागपूरहून अकोला. विजयाची बातमी घेऊन अथेन्सला धावल्याची कथा कित्येक शतकांनंतरची आहे.