चर्चचं डिसेंबरचं पत्रक नीट कसं करायचं

सलाम मंडळी. ऑक्टोबर संपत आला की पंचांच्या (म्हंजे चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीच्या) मीटिंगमधे कुणीतरी म्हणतंच, नाताळच्या पत्रकाचं बघा की जरा, आणि मग सगळे ज्याला मराठी टायपिंग येतं त्याच्याकडं बघायला लागतात. यंदा ते काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर हे वाचा. सोलापुरातल्या मराठी मंडळीचं, म्हंजे मराठी चर्चचं, पत्रक डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण कॅथलिक पॅरिशवाल्यांनाही बरंचसं चालेल, उपासनेच्या जागी मिस्सा आणि पाळकसाहेबांच्या जागी फादर वाचा, बाकी भानगडी त्याच.

सगळ्यात आधी एक डोक्यात पक्कं करा. पत्रक हे मीटिंगला नसलेल्या माणसासाठी असतं. पंचांना सगळं माहीतच असतं ओ. ज्या मावशींकडं साधा फोन आहे, जो पोरगा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत शिफ्ट करतो, जी सून लग्न होऊन नगरहून आलीय आणि तिला अजून चर्चचं मागचं गेट सुद्धा माहीत नाही, त्यांना ते वाचून कुणाला काही न विचारता वेळेवर येता आलं पाहिजे. "नाताळनिमित्त विविध कार्यक्रम आयोजित करण्यात आले आहेत तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे" हे वाक्य दरवर्षी असतं आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. ते काढा आणि त्या जागेत चार तारखा बसवा.

तारखा काढायला बसताना कॅलेंडर समोर घ्या, पाठांतरावर जाऊ नका. २०२६ ला आगमनकाळाचा (नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा) पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतोय, म्हंजे पत्रक डिसेंबरचं म्हणलं तरी सुरुवात नोव्हेंबरातच होते (सीएनआयवाल्यांना ही तारीख तशीही लक्षात राहते, १९७० ला नागपूरला याच तारखेला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं). पुढचे तीन रविवार ६, १३ आणि २०. मेणबत्त्या लावत असाल तर तिसऱ्या रविवारची गुलाबी, बाकी तीन जांभळ्या आणि मधली पांढरी नाताळला, आणि कुठल्या रविवारी कुठल्या घरातलं माणूस मेणबत्ती लावणार ते पत्रकातच नावानिशी लिहा, नाहीतर ऐनवेळी पुढच्या बाकावरच्याच पोराला उठवावं लागतं आणि त्याच्या हातात काडेपेटी नसते.

आता खरी गर्दी बघा. यंदा नाताळ शुक्रवारी आहे. म्हंजे गुरुवारी २४ ची रात्र, शुक्रवारी २५ ची सकाळ, रविवारी २७, परत गुरुवारी ३१ ची रात्र, शुक्रवारी १ जानेवारी आणि रविवारी ३ जानेवारी. अकरा दिवसांत सहा उपासना. क्वायर तीच, ऑर्गनवाला तोच, झाडलोट करणारा तोच एकटा. हे कागदावर मांडून पंचांना दाखवल्याशिवाय त्यांना पटत नाही, मग मधेच कुणीतरी २६ ला संडे स्कूलचं गॅदरिंग आणि २८ ला महिला मंडळाची सहल घुसवतं. संडे स्कूलचा कार्यक्रम २० च्या रविवारच्या आत उरकून टाका असं माझं स्पष्ट मत आहे, पोरं तोपर्यंत तरी जाग्यावर असतात, नंतर निम्मी आजोळी जातात आणि मेंढपाळ म्हणून उभं राहायला कुणी उरत नाही. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) बऱ्याच मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं आणि नववर्षाच्या उपासनेतही देतात, यंदा १ आणि ३ तारीख लागोपाठ येतायत, तर दोन्हीकडं द्यायचं की एकदाच हे पाळकसाहेबांना नोव्हेंबरातच विचारून घ्या आणि तसं छापा.

रात्रीच्या उपासनेची वेळ लिहिताना फार जपून. "२५ डिसेंबर रात्री १२ वा." असं लिहिलं की निम्मे लोक एक रात्र उशिरा येतील, तांत्रिक दृष्ट्या त्यांचं चुकलेलंही नसतं. असं लिहा: गुरुवार २४ डिसेंबर, रात्री ११.३०. वार आधी, मग तारीख, मग वेळ, आणि वेळेच्या आधी सकाळी का संध्याकाळी का रात्री ते. ३१ च्या रात्रीचंही तसंच, "वर्षाअखेरची उपासना" म्हणायचं आणि खाली गुरुवार ३१, रात्री १०.३० किंवा जे काय ठरलं असेल ते.

आणि रात्रीचा विषय निघालाच आहे तर स्पीकरचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकारला ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवता येते आणि कुठले दिवस ते जिल्हाधिकारी जाहीर करतात. नाताळ आणि ३१ डिसेंबर त्यात बरेचदा असतात, पण असतातच असं धरून चालू नका, त्या वर्षीची यादी बघा. आणि असले तरी सवलत बारापर्यंतच, म्हंजे साडेअकराला सुरू झालेल्या उपासनेत बाराच्या घंटेला बाहेरचा स्पीकर बंद झालेला पाहिजे. आतला, बंद हॉलमधला, आतल्या लोकांपुरता असेल तर तो वेगळा विषय. अंगणात मांडव घालून उपासना करणाऱ्यांनी हे आधी ठरवा, की बारानंतर सगळे आत जाणार का नुसत्या आवाजावर गाणार. आपल्या म्हाताऱ्यांचे आवाज काय स्पीकरला ऐकणारे नाहीत, उपासना संगीत या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं पाठ असलेलं गीत असलं की छप्पर उचलतात.

यानंतर भाषा. हे सोलापूर आहे, एकाच आवारात सकाळी मराठी, मग इंग्रजी, दुपारी तेलुगू नाहीतर कन्नड असं असू शकतं. पत्रकात प्रत्येक उपासनेपुढं भाषा लिहाच. आणि दोन मंडळ्या एकच इमारत वापरत असतील तर २५ ला मधे किमान पाऊण तास मोकळा सोडा, कारण नाताळची उपासना संपली तरी लोक हलत नाहीत, फोटो, गळाभेटी, केक, एकमेकांच्या साड्या बघणं, आणि तोपर्यंत बाहेर पुढची मंडळी बायबल हातात घेऊन उन्हात उभी.

कॅरोलचं वेळापत्रक वेगळं करा, मेन पत्रकात कोंबू नका. भागाप्रमाणं रात्री वाटून घ्या: एक दिवस मोदी आणि रेल्वे लाईन, एक दिवस सात रस्ता आणि आसपास, विजापूर रोड आणि जुळे सोलापूरला अख्खी एक रात्र द्या, कारण तिकडं घरं लांब लांब आहेत आणि दोन घरांच्या मधे गाणाऱ्यांपेक्षा गाड्यांचाच वेळ जास्त जातो. प्रत्येक घराला अंदाजे वेळ सांगा. साडेआठ ते नऊ असं. लोक करंज्या, शंकरपाळ्या, चिवडा मांडून वाट बघत बसतात, आणि प्रत्येकजण म्हणतो एवढं खाऊनच जा, मग शेवटच्या घरी पोचेस्तोवर साडेअकरा होतात आणि तिथली आजी खुर्चीतच झोपलेली असते. म्हणून नियम करा: ज्या घरात सगळ्यात वयस्कर माणूस किंवा आजारी माणूस, ते घर पहिलं. खाणं कुठल्या एकाच घरी ते ठरवून टाका आणि बाकीच्यांना आधीच सांगा की फक्त पाणी. रागावतील थोडं, चालतंय. उघड्या टेम्पोवर वाजत गाजत जाणार असाल तर जवळच्या पोलिस ठाण्यात अर्ज देऊन ठेवा, मार्ग आणि वेळ लिहून, आदल्या दिवशी नाही तर आठवडाभर आधी.

प्रीतिभोजन ठेवताय? मग तारीख ठरवायच्या आधी चर्चच्या भागात नळाला पाणी कुठल्या वारी येतं ते बघा. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तीनशे माणसांचं जेवण आणि टाकी रिकामी, असं झालं तर टँकर सांगावा लागतो आणि तो खर्च कुणीच बजेटमधे धरलेला नसतो. जेवणाची नावनोंदणी कुठपर्यंत, कूपन कुणाकडं, माणशी किती, घरून डबा-ताटली आणायची का, हे चार प्रश्न पत्रकातच मिटवा. हेच चार प्रश्न तुम्हाला फोनवर शंभर वेळा येणार आहेत.

जानेवारीत काही ठेवायचं असेल, म्हंजे नववर्षाचा स्नेहमेळावा वगैरे, तर गड्डा लक्षात घ्या. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, होम मैदानावर सगळे स्टॉल, पार्क चौकाकडचे रस्ते वळवलेले असतात. त्या दिवसांत गावाच्या मधल्या भागात कार्यक्रम ठेवला तर लोक वेळेवर पोचणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर आपली पोरं सुद्धा पाळण्यात बसायला गड्ड्यावरच असतात. दुसरा आठवडा सोडून द्या.

लग्नांचं विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत लग्नं खूप, आणि आमच्याकडं लग्नाची घोषणा सलग तीन रविवार वाचतात, तेव्हा हॉल कधी कुणी घेतलाय आणि घोषणा कधीपासून सुरू हे सेक्रेटरीच्या वहीतून उतरवून घ्या. तोंडी विचारू नका, वही बघा. मग कॅरोलची प्रॅक्टिस आणि हळद एकाच संध्याकाळी येत नाहीत.

आता लिहायचं कसं. एक नमुना देतो, याच्यापेक्षा लांब नको:

"गुरुवार २४ डिसेंबर, रात्री ११.३०. नाताळची रात्रउपासना, मराठी. मुख्य चर्च. गाड्या शाळेच्या मैदानात लावा, मागचं गेट उघडं राहील. लहान मुलांना स्वेटर घाला. परत जायला रिक्षा हवी असेल तर रविवार २० पर्यंत तरुण संघाकडं नाव द्या."

बघा, पाच-सहा ओळीत सगळं आलं. रिक्षाचं मुद्दाम लिहिलंय, रात्री एकला होटगी रोडच्या पुढं जायला रिक्षा मिळत नाही आणि एकट्या बायका त्याच कारणानं रात्रउपासनेला येत नाहीत. तरुण संघाला यापेक्षा चांगलं काम कुठलं देणार.

२५ ला शेजारपाजारचे, ऑफिसातले, पोरांचे मित्र असे चर्चचे नसलेले लोकही हौसेनं येतात. त्यांच्यासाठी खाली दोन ओळी टाका: कुणीही येऊन बसू शकतं, उपासना साधारण किती वेळ चालते, उपासना चालू असताना फोटो नको, प्रभुभोजन असलं तर ते बाप्तिस्मा-दृढीकरण झालेल्यांसाठी असतं तेव्हा त्या वेळी जागेवर बसून राहिलं तरी चालतं. हे लिहिलेलं नसलं की बिचारे रांगेत उभे राहतात आणि मग दोन्हीकडं अवघडल्यासारखं होतं.

काय लिहायचं नाही ते पण सांगतो. आजारी लोकांची नावं आणि आजार पब्लिक पत्रकात नको, ती प्रार्थनेची यादी आतली असते. बायकांचे खाजगी मोबाईल नंबर भिंतीवर नको. अर्पणासाठी क्यूआर कोड छापणार असाल तर तो चर्चच्या खात्याचाच पाहिजे, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा अजिबात नको, माणूस कितीही सोन्यासारखा असला तरी, आणि छापायच्या आधी एक रुपया टाकून नाव काय दिसतंय ते बघा.

छपाईचं. तुम्ही मोबाईलवर युनिकोडमधे टाईप करता आणि डीटीपीवाला बऱ्याचदा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे काम करतो, मग कन्व्हर्ट करताना जोडाक्षरं फुटतात. एका छापखान्यातनं आमच्या पत्रकावर "ख्रिस्त"चा "ख" एका ओळीत आणि उरलेलं दुसऱ्या ओळीत असं होऊन आलं होतं, पाचशे प्रती. प्रूफ कागदावर मागा, मोबाईलच्या स्क्रीनवर नाही, आणि ख्रिस्त, बाप्तिस्मा, पुनरुत्थान, कृपा हे शब्द बोट ठेवून बघा. मग आकडे बघा. आकडे दुसऱ्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावायचे आणि तुम्ही कॅलेंडरवर टिक करायची, वार आणि तारीख जुळतायत का. चुका नेहमी इथंच सापडतात.

वाटप करताना ग्रुपवर फोटो टाकला की झालं असं नसतं. एक मोठ्या अक्षरातली प्रत दाराशी, एक दफनभूमीच्या गेटवर चालली तर बघा (डिसेंबरात लोक कबरी साफ करायला जातात), आणि प्रत्येक भागात एक माणूस ठरवा जो फोन नसलेल्या चार-पाच घरी हातानं नेऊन देईल. बदल झाला तर तोच माणूस परत जाणार. बदल होतोच, कुणाच्या घरी मयत झाली की त्या दिवशीचा कार्यक्रम पुढं जातो आणि जायलाच पाहिजे. म्हणून पत्रकाच्या तळाला लिहून ठेवा की बदलाची सूचना कोण देणार, एकच नाव, पंचांनी ठरवलेलं. नाहीतर ग्रुपवर तिघं तीन वेळा टाकतात आणि खाली चाळीस आमेन येतात, त्यात खरी वेळ शोधत बसा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जुनं पत्रक भिंतीवरनं काढा आणि लगेच पुढच्या तारखा लावून टाका: राखेचा बुधवार १० फेब्रुवारी २०२७, झावळ्यांचा रविवार २१ मार्च, गुड फ्रायडे २६ मार्च, ईस्टर २८ मार्च. दहावी-बारावीच्या परीक्षा याच दिवसांत येतात, तेव्हा उपवासकाळातल्या घरोघरच्या प्रार्थनासभा कुठल्या घरी ठेवायच्या हे ठरवताना ज्या घरात पोरगं परीक्षेला बसलंय ते घर यादीतनं आधीच वगळा.