व्हेट स्टुडंट्स आणि नवीन डॉक्टरांनी ऑनलाइन ओळखी कशा वाढवायच्या

फायनल इयर आलं की सगळे एकदम लिंक्डइनवर अकाउंट उघडतात, दिसेल त्याला रिक्वेस्ट पाठवत सुटतात आणि महिनाभरात काहीच हाती लागलं नाही की सोडून देतात. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या फील्डमध्ये, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीत, माणूस लक्षात राहतो तो दोन गोष्टींमुळे, केसबद्दल तो नीट विचारतो आणि पुढे काय झालं ते परत येऊन सांगतो. या दोन गोष्टी जमल्या की बाकीचं बरंचसं आपोआप होतं.

आधी जायचं कुठे ते बघू. व्हेटरनरी इन्फर्मेशन नेटवर्क, म्हणजे विन, हे व्हेट लोकांचं ऑनलाइन नेटवर्क १९९१ पासून चालू आहे, पॉल पायन आणि डंकन फर्ग्युसन या दोन व्हेटनीच ते उभं केलं, आणि व्हेट स्टुडंट्सना मेंबरशिप फुकट मिळते. तिथे स्पेशालिस्ट लोक केसेसवर उत्तरं देतात. सुरुवातीला काही विचारू नका, नुसतं वाचा, एकाच आजारावरच्या जुन्या दहा-बारा केसेस वाचल्या तरी कळतं की अनुभवी डॉक्टर आधी काय विचारतात. दुसरं म्हणजे आयव्हीएसए, ही व्हेट स्टुडंट्सची आंतरराष्ट्रीय संघटना १९५३ पासूनची आहे, बऱ्याच देशांत तिचे गट आहेत आणि एक्स्चेंजला जायचं असेल तर ओळखी इथेच होतात. लिंक्डइन ठेवा, पण मुख्यतः नोकरी आणि इंटर्नशिपसाठी.

प्रोफाइलमध्ये नुसतं 'व्हेटरनरी स्टुडंट' लिहून काही कळत नाही हो. 'फायनल इयर, दुधाळ जनावरांच्या रिप्रॉडक्शनमध्ये रस, उन्हाळ्यात इंटर्नशिप शोधतेय' असं लिहिलं की समोरच्याला लगेच कळतं तुम्हाला कुठे जोडून द्यायचं. फोटो जनावरासोबत असेल तर ते नीट धरलेलं असू दे, कारण आपल्यातला कुणीही आधी तेच बघतो. सर्जरीच्या फोटोत कॅपमधून केस बाहेर आलेत किंवा हातात अंगठी आहे, हेही लोकांच्या नजरेतून सुटत नाही.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न कसा विचारायचा. 'सर, कुत्री खूप पाणी पितेय, काय करू?' याला कोण काय उत्तर देणार? तेच असं लिहा: लॅब्रॅडोर, मादी, स्पे केलेली, ७ वर्षं, २९ किलो, तीन आठवड्यांपासून पाणी आणि लघवी दोन्ही जास्त, भूक वाढलीय, पोट सुटल्यासारखं दिसतंय, युरिन स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००८, ग्लुकोज नॉर्मल, एएलपी बरंच वाढलेलं, कोणतंही स्टेरॉइड चालू नाही, कुशिंगचा संशय आहे, मालकाचं बजेट एकाच टेस्टचं आहे तर लो डोस डेक्सामेथासोन आधी करू का? (एएलपी हे लिव्हरच्या तपासणीतलं एन्झाइम, कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार, आणि लो डोस डेक्सामेथासोन ही त्याची टेस्ट.) इथे 'स्पे केलेली', म्हणजे नसबंदी झालेली, हे दोन शब्द बघा, ते नसते तर पहिलं उत्तर पायोमेट्राचं, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचं, काय असंच आलं असतं, 'ग्लुकोज नॉर्मल' म्हटल्यावर डायबेटीस मागे पडला, आणि स्टेरॉइडचं आधीच सांगितल्यामुळे एक अख्खी फेरी वाचली. शिवाय तुम्ही स्वतः काय विचार केलाय तो दिसला, आणि मोठे डॉक्टर वेळ देतात ते त्यालाच.

आणि मग रिपोर्ट आला की परत जाऊन लिहा, निदान चुकलं असलं तरी लिहा, पेशंट गेला असला तरी लिहा. बहुतेक जण उत्तर घेतात आणि गायब होतात, त्यामुळे जो परत येतो त्याचं नाव पक्कं लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी तो हक्काने विचारू शकतो. इमर्जन्सी मात्र पोस्ट करू नका, नर मांजराला लघवीच होत नाहीये तर उत्तराची वाट बघायला वेळच नसतो, तेव्हा सरळ सिनियरला फोन लावा.

केस टाकायच्या आधी मालकाची आणि क्लिनिकची परवानगी घ्या, जमलं तर लेखी. एक्स-रेच्या कोपऱ्यात मालकाचं नाव छापलेलं असतं ते झाका, आणि एक्स-रेची मूळ डिजिटल फाइल, म्हणजे डायकॉम, तशीच पाठवू नका, नाव तिच्या आतसुद्धा साठवलेलं असतं. पट्ट्यावरचा फोन नंबर, १५ आकडी मायक्रोचिप नंबर, हेही तपासा. आधीच्या डॉक्टरने वाट लावली असं कधीच लिहू नका, त्याने केस पाहिली तेव्हा चित्र वेगळं असू शकतं आणि आपलं जग इतकं लहान आहे की ते त्याच्यापर्यंत पोचतंच. अनोळखी मालकांनी कमेंटमध्ये डोस विचारला तर जनावर न बघता सांगायचा नाही, जवळच्या डॉक्टरकडे पाठवायचं.

एखाद्याचं काम आवडलं तर त्याचा पेपर आधी वाचा आणि मग एकच नेमका प्रश्न मेल करा. पेपरवर लेखकाचा ईमेल छापलेला असतो तो अशा पत्रव्यवहारासाठीच, त्यामुळे संकोच करू नका. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या.

मोठ्या लोकांच्या मागे लागताना बॅचमेट्सचा छोटा ग्रुप मात्र सोडू नका. पहिल्या नोकरीत रात्री एकटं असताना, सर्जरी बिघडल्यावर किंवा एकाच दिवसात दोन-तीन जनावरांना शेवटचं इंजेक्शन द्यावं लागल्यावर ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस हवाच, आणि तो बहुतेक वेळा याच ग्रुपमध्ये सापडतो. तिथे केस सोडून नुसतं 'आज जड गेला दिवस' एवढंही लिहिता आलं पाहिजे.

अजून एक काम डिग्री हातात पडायच्या आधीच उरकून टाका. कॉलेजचा ईमेल बऱ्याच ठिकाणी नंतर बंद होतो, तेव्हा विन, लिंक्डइन, ऑर्किड आयडी (संशोधकांचा ओळख क्रमांक) सगळीकडे स्वतःचा कायमचा ईमेल टाका, आणि ज्यांनी तुम्हाला शिकवलं किंवा उत्तरं दिली त्यांनाही त्याच पत्त्यावरून एक मेल करून नवीन नोकरीचं कळवा.