परवचा आधी, दप्तर लगेच मागून

पावसाळ्यात कोकणात संध्याकाळी लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून पहिली-दुसरीतल्या मुलांचा लिहायचा अभ्यास उजेड आहे तोवर ओटीवर उरकून घ्या आणि तोंडी अभ्यास दिवेलागणीनंतर ठेवा. देवापाशी दिवा लावला, शुभंकरोति झालं, की मूल उठायच्या आत पाढे सुरू करायचे. एक ओळ तुम्ही म्हणा, पुढची त्याला म्हणू द्या. बे ते पाच पुरेत. पेंगत असेल तर बेचा एकच म्हणा, पण चुकवू नका. मुलांना रोजचा नेम धरायला फार आवडतो.

वेळ मात्र घड्याळावर बांधू नका. रत्नागिरीकडे जूनमध्ये सूर्य मावळायला सात वाजून जातात, डिसेंबरात सहालाच अंधारतं. दिवा लागला की बसायचं, एवढंच मुलाला कळलेलं बरं.

पाढे झाले की तिथेच दप्तर भरायचं. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते चुलीच्या उबेला, जरा लांबच ठेवायचे. झोपताना बोळे एकदा बदला, सकाळपर्यंत बूट बरेच सुकतात.