महाधमनीचा फुगा, अडलेली मूत्रवाहिनी : सर्जनकडे जाण्याआधी

सीटीचा नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, सीडीही घ्या. पोटातल्या महाधमनीच्या, म्हणजे शरीरातल्या सर्वांत मोठ्या धमनीच्या, या दाहयुक्त फुग्याभोवती जाड, चिवट थर साचतो. तो बहुधा पुढच्या आणि बाजूच्या अंगाला असतो. मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून लघवी खाली नेणाऱ्या नळ्या, त्यात ओढल्या जातात, मध्याकडे सरकतात, आवळतात. मग लघवी वरच तुंबते आणि किडनी फुगते. ही गुंतागुंत सर्जनला चित्रांवरच नीट दिसते.

जुन्या सोनोग्राफी शोधून काढा, अगदी मुतखड्याच्या संशयाने केलेल्यासुद्धा. सिगारेट ओढणाऱ्या साठीतल्या पुरुषाची कूस आयुष्यात पहिल्यांदाच दुखली, तर खडा गृहीत धरण्याआधी धमनी पाहावी, असं माझं ठाम मत आहे. किडनी कधीपासून फुगली आहे, हेही त्या जुन्या कागदांवरूनच कळतं.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ईएसआर, सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणाऱ्या चाचण्या) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी) हवेतच. आयजीजी४ (एका प्रतिपिंडाची रक्तचाचणी) करायचं का, ते विचारा. क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. एक किडनी अडली तरी दुसरी बराच काळ भार उचलते.

कमी झालेलं वजन लिहून ठेवा. औषधांच्या यादीत रक्त पातळ करणारी गोळी आणि मेटफॉर्मिन ठळक लिहा, पण मनाने काही बंद करू नका. अर्धशिशीसाठी पूर्वी एर्गॉट गटातलं औषध घेतलं असेल तर तेही सांगा. त्यातल्या काहींमुळे पोटामागे असाच थर धरू शकतो. सिगारेट मात्र आजच सोडा.

आता खरा प्रश्न. व्हॅस्क्युलर सर्जन आणि युरोलॉजिस्ट एकमेकांशी बोललेत का? दोन फायली दोन टेबलांवर राहिल्या की घोळ होतो. ऑपरेशनआधी डीजे स्टेंट (मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक नळी) घालायचा का, हे दोघांनी मिळून ठरवायला हवं. उघड्या ऑपरेशनमध्ये चिकटलेलं आतडं आणि मूत्रवाहिनी जपावी लागते. मांडीतून स्टेंटग्राफ्ट (धमनीच्या आत बसणारी जाळीदार आधाराची कापडी नळी) बसवला तर ते टळतं, पण थर विरेलच असं नाही आणि मूत्रवाहिनी अडलेलीच राहू शकते. तेव्हा पुढे स्टिरॉइड लागेल का, तेही विचारून घ्या.

वाट पाहताना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. अचानक पोटात वा पाठीत असह्य कळ आली, भोवळ आली, तर थेट इमर्जन्सी.

डीजे स्टेंट घातलाच, तर तो काढायची किंवा बदलायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.