पोर्शे 356 च्या इंजिनाचे पत्रे रंगवताय? या चुका टाळा

पोर्शे 356 या जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन हवेवर थंड होतं. जनरेटरच्या शाफ्टवरचा पंखा थंड हवा ओढतो, फॅन श्राउडमधून (पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या कवचातून) चारही सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पात्यांवर, सोडतो आणि तापलेली हवा खाली निघून जाते. भोवतालचे काळे पत्रे वरची थंड आणि खालची गरम हवा एकमेकींत मिसळू देत नाहीत. म्हणजे हे पत्रे कूलिंगचाच भाग आहेत, आणि त्यांचं रंगकाम करताना ही गोष्ट डोक्यात ठेवावीच लागते.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रंग काढताना. मी एकदा श्राउड सरळ सँडब्लास्टिंगला दिला. परत आला तेव्हा दिसायला स्वच्छ होता, पण मधल्या सपाट भागावर अंगठा दाबला की डब्याच्या झाकणासारखा ‘टक’ करून आत जायचा आणि सोडला की बाहेर यायचा. वाळूच्या माऱ्याने पातळ पत्रा ताणला होता. तो पुन्हा बसवायला दोन दिवस हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) घेऊन बसलो, तरी पूर्वीसारखा झाला नाहीच. तेव्हापासून मी पेंट रिमूव्हरने रंग काढतो आणि गंजलेल्या जागा तेवढ्या हाताने घासतो. ब्लास्टिंग करायचंच असेल तर बारीक काचेच्या मण्यांनी, कमी दाबावर करा. दुमडीत अडकलेले कण हवेने आणि पाण्याने पूर्ण काढा, नाहीतर पंखा फिरला की तेच कण इंजिनभर उडतात. धुतल्यावर पत्रा लगेच वाळवा.

रंग काढण्याआधी मात्र फोटो काढायला विसरू नका. श्राउडच्या आतल्या बाजूला आणि एकावर एक बसणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये जुना रंग बऱ्याचदा शाबूत असतो. चमक किती ठेवायची याचा तोच खरा नमुना. स्टिकर कुठे, किती तिरका, हेही मोजून ठेवा.

दुसरी चूक पावडर कोटिंगची, म्हणजे रंगाची पूड फवारून भट्टीत भाजण्याची. टिकाऊ आहे, हे मान्य. पण त्याचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा. स्पॉट वेल्डिंगचे खळगे, प्रेसच्या कडा सगळं त्याखाली मऊ होऊन जातं आणि पत्रा प्लॅस्टिकचा वाटायला लागतो. माझ्या मते अस्सल कामासाठी ते नकोच. पातळ एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर अर्धचमकीचा 2के (हार्डनर मिसळून वापरायचा) काळा रंग, एवढं पुरतं. साधा लॅकर कार्ब्युरेटरमधून गळलेल्या पेट्रोलने विरघळतो. चमक तपासायला रंगवलेला तुकडा ट्यूबलाइटखाली धरा: ट्यूबचं प्रतिबिंब दिसावं, पण त्याची कड धूसर हवी. कड स्पष्ट दिसली तर रंगात मॅटिंग एजंट वाढवा. आधी भंगार पत्र्यावर करून बघा.

पोचे लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. उष्णता आणि थरथर यांनी लांबी तडकतेच. पोचा ठोकून काढा, भोकाजवळची चीर वेल्ड करा. आणि स्पॉट वेल्डचे खळगे तर चुकूनही भरू नका! कारखान्यातल्या कामाची ती खूण आहे.

महिन्याभरात सांध्यालगत रंगाला फोड आले, तर दोष बहुधा रंगाचा नसतो. दुमडीत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल उष्णतेने बाहेर येतं. रंगवण्याआधी पत्रा तापवा, पाझरलेलं तेल थिनरने पुसा, पुन्हा तापवा. पुसलेलं फडकं स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवा.

पंख्यावर जाड किंवा असमान थर नको, त्याचा बॅलन्स बिघडतो. सिलिंडरच्या फिन्सवर तर रंगाचा फवारा उडूही देऊ नका. नटांच्या आट्या झाकूनच फवारणी करा. स्क्रू काळे रंगवण्याची चूकही बरेचजण करतात. ते प्लेटिंग केलेले, म्हणजे धातूचा मुलामा दिलेले असतात. गाडीवरचा एखादा मूळ स्क्रू जपून ठेवा आणि नवीन प्लेटिंग त्याच्याशी ताडून घ्या.

सगळं सुंदर झालं, पण इंजिन आधीपेक्षा जास्त तापतंय? मग पत्र्यांच्या फटी बघा. कडेचा रबर नीट बसलाय का, प्लगच्या वायरींवरचे रबर जागेवर आहेत का, हिटरची नळी काढली असेल तर तिचं भोक बंद केलंय का. जोडताना सगळे स्क्रू आधी हाताने चार आट्या फिरवून घ्या आणि पत्रे एकमेकांत नीट बसल्यावरच आवळा, म्हणजे कडेचा नवा रंगही खरवडत नाही.