आरोग्य विम्याच्या हप्त्याचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आई-वडिलांना आपल्याच फॅमिली फ्लोटरमध्ये (सगळ्या घराला मिळून एकच विमा रक्कम, म्हणजे कव्हर, असलेल्या पॉलिसीत) घेणं. एकच पॉलिसी, एकच तारीख, म्हणून सोयीचं वाटतं. पण फ्लोटरचा हप्ता बहुतेक कंपन्या घरातल्या सर्वांत मोठ्या सभासदाच्या वयावरून ठरवतात. नवरा ३४, बायको ३२, मुलगा ५ आणि वडील ६३, तर दर लागतो ६३ चा. वर वडिलांचं एखादं मोठं ऑपरेशन झालं की कव्हर तिथेच संपतं आणि उरलेल्या वर्षात मुलाला डेंग्यू झाला तर हात रिकामे. म्हणून दोन कोटेशन काढा: तिघांचं वेगळं, वडिलांचं वेगळं. बेरीज करून मग एकत्र हप्त्याशी ताडून बघा.

दुसरी चूक, आजचाच आकडा धरून चालणं. बऱ्याच कंपन्यांचे दर वयोगटानुसार असतात, त्यामुळे ४५ वरून ४६ मध्ये गेलात की त्या रिन्यूअलला हप्ता एकदम उडी मारतो. एजंट सहसा हे आपणहून सांगत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर प्रॉस्पेक्टस असतं, त्यातला दरतक्ता उघडा आणि दहा वर्षांनंतरच्या वयाची ओळ वाचा. तिथला आकडा झेपणार असेल तरच पुढे जा. शिवाय उपचारांचा खर्च वाढला की हा तक्ताही बदलतो. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी इर्डाशी (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सल्लामसलत करा, असं जानेवारी २०२५ पासून कंपन्यांवर बंधन आहे. पंचेचाळिशीतल्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

पिनकोडची चलाखीही नको. अनेक पॉलिसींमध्ये मुंबई-ठाण्याचा दर लहान शहरांपेक्षा जास्त असतो, म्हणून काहीजण गावचा पत्ता टाकतात. मग मुंबईत ॲडमिट झाल्यावर काही पॉलिसींमध्ये बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

जीएसटी? वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य. जुन्या सवयीने १८ टक्के मिळवू नका.

हप्ता संशयास्पद स्वस्त दिसला तर खोलीभाड्याची मर्यादा बघा. ५ लाखांच्या कव्हरवर १ टक्क्याची मर्यादा म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही ८,००० ची खोली घेतलीत, तर नुसता वरचा ३,००० चा फरक कापून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे बाकीचे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच-अष्टमांशच मंजूर होऊ शकतात. वाचलेला हप्ता एका बिलात जातो.

आणि स्क्रीनवरचा आकडा व शेवटी मागितलेली रक्कम जुळत नसेल, तर आधी जन्मतारीख तपासा, मग निवडलेली मुदत (एक वर्ष की तीन), आपोआप टिक झालेले रायडर (जादा पैसे देऊन घ्यायची जोड-कव्हरं) आणि शेवटी बीपी-शुगरमुळे लागलेलं लोडिंग, म्हणजे आजारापोटी वाढवलेला हप्ता. लोडिंग टाळण्यासाठी आजार लपवू नका, क्लेमच्या वेळी जुने केसपेपर बाहेर येतात. लोडिंग जास्त वाटलं तर दुसऱ्या कंपनीकडे विचारा. चालू पॉलिसी पोर्ट करायची, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे न्यायची असेल, तर अर्ज रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी टाका.