दोन नंबरचा क्वार्टरबॅक आधी बघा

ऑगस्ट २०१४ मध्ये मी लग्न होऊन अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आले. नवऱ्याची पीएचडी चालू होती आणि मला फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढंच ठाऊक होतं. इथला अमेरिकन फुटबॉल हाताने खेळतात, आणि पास फेकून टीमचा खेळ चालवतो तो क्वार्टरबॅक. त्याच महिन्यात ओहायो स्टेट या इथल्या कॉलेजचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर याचा खांदा सरावात गेला. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा, निवृत्त शिक्षक, घरात सुतक असल्यासारखे बसून होते. जे. टी. बॅरेट नावाच्या पोराने टीम सावरली, आजोबा हसू लागले, आणि २९ नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध बॅरेटचा घोटा मोडला. राहिला तिसरा, कार्डेल जोन्स. त्याने पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळलेली मॅच ५९-० ने जिंकली, पुढे अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगनला ४२-२० असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं.

मी हा खेळ त्या एका सीझनमध्ये शिकले, म्हणून माझी खोड अशी: कुठल्याही कॉलेजची टीम जोखायची तर मी आधी दोन नंबरचा, म्हणजे पहिला पडला तर उतरणारा क्वार्टरबॅक बघते. (मराठीत 'दोन नंबरचा' म्हटलं की काळा पैसा आठवतो, त्याला माझा इलाज नाही.) तुमची मुलं इथल्या कॉलेजात असतील, शनिवारी घरात आरडाओरडा चालत असेल आणि तुम्हाला त्यात नुसतं बसून राहायचं नसेल, तर पुढचं करून बघा.

सीझन सुरू व्हायच्या आधी टीमच्या साइटवरचं रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी उघडा. क्वार्टरबॅक तेवढे निवडा. प्रत्येकाचं वर्ष, मूळ गाव आणि आधीचं कॉलेज वहीत उतरवा. मग मागच्या वर्षीच्या आकड्यांत दुसऱ्याने किती पास फेकले ते शोधा. इथे एक चकवा असतो. चाळीस गुणांची आघाडी असताना मैदानात येऊन नुसता बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) हातात ठेवला, तर तो अनुभव म्हणून धरू नका. मॅच अटीतटीची असताना फेकलेले पास मोजा. आकडा शून्य निघाला तरी दचकू नका, बऱ्याच टीमचा तोच निघतो. २०१८ पासून नवखा खेळाडू चार मॅचपर्यंत खेळला तरी कॉलेजात खेळायला मिळणाऱ्या ठराविक वर्षांतलं एक वर्ष खर्ची पडत नाही. ही सवलत असूनही कोचने त्याला उतरवलं नसेल, तर त्यात काहीतरी समजायला हवं.

डेप्थ चार्टवर, म्हणजे पहिला कोण, दुसरा कोण या टीमच्या यादीत दोन नावांच्या मध्ये 'ऑर' (किंवा) छापलेलं दिसलं, तर दोघांत अजून ठरलेलं नाही असा अर्थ. कोच सांगतात, दोघेही उत्तम आहेत. बहुतेक वेळा त्या 'ऑर'चा खरा हेतू एवढाच असतो, की दोघांतल्या कोणी पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत जाऊ नये.

पोर्टलमुळे सगळं बदललं. पूर्वी दुसरा मुलगा दोन वर्षं बाकावर काढायचा. आता पहिल्याची जागा पक्की झाली की दुसरा सामान बांधतो. २०१८ मध्ये क्लेमसनने ट्रेव्हर लॉरेन्सला पहिला केला, तेव्हा आधीचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट त्याच आठवड्यात टीम सोडून गेला. लगेचच्या शनिवारी सिरॅक्यूसविरुद्ध लॉरेन्स जखमी! चेस ब्राइस नावाच्या मुलाला उतरवावं लागलं. शेवटी त्याने ९४ यार्डांची चाल रचली, क्लेमसन २७-२३ ने जिंकलं आणि तो सीझन १५-० असा संपवला. ब्राइसचं नाव आज किती जणांना आठवतं, हे विचारूच नका.

उलटा प्रकार फ्लोरिडा स्टेटचा. २०२३ च्या नोव्हेंबरात जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. टीम उरलेल्या मॅच जिंकत राहिली, १३-० झाली, तरीही राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या, तेव्हाच्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये तिला घेतलं नाही. 'पहिला क्वार्टरबॅक नसलेली ही टीम आता पूर्वीची राहिली नाही,' असा निवड समितीचा सूर होता. आजोबा हयात असते तर त्यांनी टीव्ही फोडला असता.

आता वहीतला गावांचा रकाना. माझ्या मते क्वार्टरबॅक परमुलखातला चालतो, बाकीची फौज घरची लागते. क्वार्टरबॅक एकच खेळतो, म्हणून कोच त्याच्यासाठी देश पालथा घालतात आणि तोही जिथे जागा रिकामी तिथे जातो. मिलर आणि जोन्स ओहायोचे, पण बॅरेट टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सचा. जो बरो ओहायोत वाढला, ओहायो स्टेटमध्ये बाकावर बसला, २०१८ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) गेला आणि २०१९ मध्ये ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास फेकून विजेता झाला. त्याचे पास झेलणारे जमार चेस आणि जस्टिन जेफरसन मात्र दोघेही लुइझियानाचेच. पुढच्या फळीत धक्काबुक्की करणारे आडदांड लाइनमन डझनावारी लागतात, तेवढे विमानाने कुठून आणणार? आणि आईवडिलांना दर शनिवारी गाडीने येता आलं पाहिजे, याचं वजन मला आई झाल्यावर कळलं.

म्हणून राज्य बघताना दोन गोष्टी विचारा: तिथे चांगली पोरं किती, आणि त्यांच्यावर डोळा ठेवणारी कॉलेजं किती. टेक्सासमध्ये पोरं अमाप, पण वरच्या स्तरावरची कॉलेजंही डझनाहून जास्त. लुइझियानात एसईसीमधलं (दक्षिणेकडच्या बड्या कॉलेजांच्या गटातलं) कॉलेज एकच, एलएसयू. नेब्रास्कातही एकटंच मोठं कॉलेज आहे, पण राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. त्यांना बाहेरूनच मुलं आणावी लागतात. २०११ मध्ये ते बिग १२ हा कॉलेजांचा गट सोडून बिग टेन या दुसऱ्या गटात गेले आणि टेक्सासमधल्या नेहमीच्या मॅच गेल्या. तो तोटा त्यांना महागात पडला असं मला वाटतं. सगळ्यांत हुशार माणूस मायामीचा कोच हॉवर्ड श्नेलेनबर्गर. १९७९ मध्ये आल्यावर त्याने दक्षिण फ्लोरिडालाच 'स्टेट ऑफ मायामी' म्हणायला सुरुवात केली आणि तिथली पोरं बाहेर जाऊ द्यायची नाहीत असं ठरवलं. १९८३ च्या सीझनमध्ये मायामी राष्ट्रीय विजेती.

एवढा गृहपाठ झाला की मॅच बघायला मजा येते. दोन खुणा सांगते.

पहिली, झोन रीड. यात समोरच्या बचावफळीच्या टोकाला उभ्या असलेल्या एका गड्याला, डिफेन्सिव्ह एंडला, मुद्दाम कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतो: तो रनिंग बॅकवर धावला तर बॉल स्वतःकडे ठेवून पळायचं, जागेवर थांबला तर बॉल देऊन टाकायचा. मागे भरवशाचा गडी नसेल, तर कोच आपल्या क्वार्टरबॅकला पळू देत नाही, दुखापत परवडत नाही. मग तो प्रत्येक वेळी बॉल देतच राहतो. समोरच्या एंडला हे दोन-तीन खेळींत कळतं आणि तो बेधडक रनिंग बॅकच्या अंगावर जातो. पहिला क्वार्टरबॅक अचानक पळायचा थांबला, तर दुखणं बाकावर आहे असं समजा.

दुसरी खूण हॅश मार्कची. हॅश म्हणजे मैदानावरच्या छोट्या रेघांच्या दोन ओळी; प्रत्येक खेळी त्यांच्यावरून किंवा त्यांच्या मधूनच सुरू होते. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजात दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीगमध्ये) १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात बॉल एका हॅशवर असला की जवळची कड ६० फुटांवर, लांबची १००. त्या लांबच्या कडेला सपाट, वेगात पास फेकायला खांदा लागतो. ज्याचा खांदा कच्चा, त्याला कोच आखूड बाजूलाच खेळवतो, आणि बचाव करणारे हळूहळू तिकडे सरकतात. मग चाळीस फूट मोकळं मैदान नुसतं पडून राहतं.

आमच्याकडे आघाडी तीसच्या वर गेली की ट्रॅफिक टाळायला लोक तिसऱ्या क्वार्टरलाच उठतात. नवरा किल्ल्या वाजवत उभा असतो. मी बसून राहते, कारण दोन नंबरचा तेव्हाच येतो, आणि त्याने लांबच्या कडेला निदान एक पास फेकलेला बघितल्याशिवाय मी उठत नाही.